मिरजेच्या फोटोवाल्या बाई

मी पहिल्यांदा बाईंच्या स्टुडिओत गेले ती लग्नासाठी दाखवायचा फोटो काढून घ्यायला. आमचं घर सांगलीत. वडील हळदीच्या पेढीवर कामाला होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याची शिवण न् शिवण पिवळी झालेली असायची. सांगलीत फोटो काढणारे नव्हते असं नाही, पण आत्याचं म्हणणं, पोरीचा फोटो काढायचा तर मिरजेच्या बाईंकडंच. तिथं परका पुरुष हनुवटी धरून मान वळवत नाही.

बाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. नवरा फोटोग्राफर होता. तो गेल्यावर नातेवाइकांनी स्टुडिओ विकून टाकायला सांगितलं. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि तेरावं झाल्यावर स्टुडिओचं दार उघडून झाडलोट केली. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीला लागूनच त्यांचा स्टुडिओ होता. शेजारच्या अंगणात तंबोऱ्याचे मोठमोठे भोपळे वाळत पडलेले असायचे, आणि दिवसभर कुणी ना कुणी तारा जुळवत बसलेलं असायचं.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिल्या.

"हसू नको म्हणून कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"आत्यानं."

"बरं. मग नको हसू."

हे ऐकून मला हसूच आलं, आणि त्यांनी बटण दाबलं. आत्या चिडली. बाईंनी तिच्या समाधानासाठी एक गंभीर फोटोही काढला. आठवड्यानं फोटो घ्यायला मी एकटीच गेले, तेव्हा मी विचारलं, "फोटो आतमध्ये कसा करता?" त्या म्हणाल्या, "ये, दाखवते." उजेडासमोर त्यांनी माझी निगेटिव्ह धरली. पांढरे केस, काळे दात, काळा चेहरा. मी म्हणाले, "ही तर म्हातारी झालेली मी." बाई मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "मला हाताशी माणूस हवंय. येतेस का?"

घरी आई म्हणाली, लग्न ठरेपर्यंत जाऊ दे. त्या फोटोवर दोन स्थळांनी नकार कळवला, तिसऱ्यांनी काहीच कळवलं नाही, आणि मी रोज सांगलीहून मिरजेला जात राहिले.

बाईंचं काम दोन प्रकारचं होतं. एक स्टुडिओतलं. नव्या सुना, बारशाची बाळं, शाळेच्या दाखल्याचे फोटो. दुसरं हॉस्पिटलचं. मिरजेत हॉस्पिटलं पुष्कळ, आणि लांबलांबून रोगी यायचे. डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो लागायचे. फाटलेल्या ओठांची मुलं, भाजलेल्या बायका, गळ्याला गाठी आलेले म्हातारे. वॉर्डबॉय येऊन दारातूनच सांगायचा, "बाई, बोलावलंय," आणि बाई कॅमेरा खांद्याला लावून निघायच्या.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली माझ्याच वयाची एक मुलगी होती. हनुवटी छातीला चिकटली होती. मी लाइट धरून उभी होते. थोड्या वेळानं लाइट खाली ठेवला आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसले. बाई काम संपवून आल्या. रागावल्या नाहीत. रस्त्यात मला उसाचा रस पाजला आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी सगळं करायचं नसतं. तू फोटोग्राफीच्या शिबिरांना ये माझ्याबरोबर. तिथं मला तुझी जास्त गरज आहे."

शिबिरांची सुरुवात साताऱ्याच्या एका हेडमास्तरांमुळं झाली. त्यांनी बाईंना शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांसाठी चार दिवस फोटोग्राफी शिकवायला बोलावलं. मग एका गावावरून दुसऱ्या गावाला कळत गेलं. सातारा, औंध, कडेगाव, विटा, आणि पूर्वेकडची माळरानावरची गावं. आम्ही दोघी एस.टी.नं जायचो. एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करून छापायचं यंत्र, वाकळेत गुंडाळून ट्रंकेत घातलेला असायचा. तो टपावर टाकायला बाई देत नसत. कंडक्टर कुरकुर करायचा, बाई त्याला "दादा, ह्यात माझं बाळ हाय" असं सांगायच्या, आणि ट्रंक आमच्या पायांशी राहायची. तासन् तास पाय वर धरून बसावं लागायचं. बाई खिडकीशी बसून गप्पा मारायच्या. मूळच्या त्या साताऱ्याकडच्या एका खेड्यातल्या. स्टुडिओत शहरी बोलायच्या, पण एस.टी.त शेजारी कुणी डोक्यावर पदर घेतलेली बाई बसली की त्यांची भाषा आपोआप गावची व्हायची.

शाळेचा एक वर्ग अंधारा करायचं काम माझं. गावातनं घोंगड्या मागून आणायच्या आणि खिडक्यांवर खिळ्यांनी ठोकायच्या. आत मेंढीच्या लोकरीचा आणि फोटो पक्का करायच्या हायपोचा मिळून असा वास सुटायचा की कपड्यांतून तो आठवडाभर जात नसे. शिबिराला येणारी माणसं म्हणजे मास्तर, कुणी दवाखान्यातला कंपाउंडर, ऊस लावणाऱ्या घरचा एखादा तरुण, ज्याच्या भावानं फौजेतून कॅमेरा पाठवलेला असायचा. तो कॅमेरा तो रुमालात बांधून आणायचा. पहिल्या दिवशी बाई कुणालाही कॅमेऱ्याला हात लावू देत नसत. प्रत्येकाला स्टुलावर बसवायच्या आणि बाकीच्यांना त्याच्याकडं बघायला लावायच्या. मोठमोठी माणसं घामाघूम व्हायची. कुणी मिशीवरून हात फिरवायचं, कुणी हात कुठं ठेवावेत म्हणून विचारायचं. "आधी स्वतः बसून बघा," बाई म्हणायच्या. "मग दुसऱ्याला बसवा."

सकाळी शाळेच्या पायरीवर बसून त्या मिश्री लावायच्या. पत्र्याची छोटी डबी कमरेला असायची. पाणी भरायला निघालेल्या बायका थांबायच्या, त्याही चिमूटभर घ्यायच्या, आणि तिथंच गावातलं सगळं बाईंना कळायचं. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाची लेक परत आलीय. मी शहरातली, मला मिश्रीचा वासही सहन होत नसे. बाई मला चिडवायच्या, "तुला दात घासायला पांढरी पावडर लागते. साहेबीण."

दुष्काळाच्या वर्षी पूर्वेकडच्या एका गावानं आम्हाला आधीच बोलावून ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, शब्द दिलाय तर जायचं. तिथं पोचलो तर आडात पाणी नव्हतं. टँकरभोवती घागरींची रांग होती, आणि मेंढरं घेऊन निम्मं गाव लांब निघून गेलेलं. फोटो छापल्यावर धुवायला बादल्याच्या बादल्या पाणी लागतं. मास्तर बिचारे म्हणाले, आम्ही काहीतरी व्यवस्था करतो. बाईंनी ट्रंक उघडलीच नाही. "प्यायला न्हाई तिथं मी फोटू धुवायला पाणी मागू व्हय?" त्या दिवसांत त्यांनी फक्त कॅमेरा हाताळायला शिकवलं. सगळ्यांनी काढलेले रोल आम्ही मिरजेला आणून धुतले आणि फोटो पोस्टानं पाठवले. त्यात एका मास्तरांनी काढलेला रिकाम्या वाड्याचा फोटो होता, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुपाट्याचा. बाईंनी तो स्टुडिओत लावला.

कडेगावच्या बाजूला झालेलं एक शिबिर मात्र मी कधीच विसरणार नाही.

बांगलादेशची लढाई होऊन वर्ष उलटलं असेल. त्या भागात घरटी एक माणूस फौजेत. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई शाळेत आल्या. साठीच्या, काटक, पायात चपला नाहीत. बरोबर विशीतला मुलगा, आणि त्याच्या हातात घडी केलेले फौजेचे कपडे. थोरला मुलगा लढाईत गेला होता. कपडे त्याचे होते.

"फोटूवाल्या बाई कोण तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

बाई पुढं झाल्या.

"आवं, माझ्या थोरल्याचा फोटू न्हाई माझ्याकडं," मुलाची आई म्हणाली. "ह्यो धाकला अगदी त्याच्यावानी दिसतुया. ह्येला ही कापडं घालती. तुमी ह्येचा फोटू काढा. मी त्यो थोरल्याचा म्हणून लावती."

धाकटा खाली बघत उभा होता. त्याच्या तोंडावरून कळत होतं, घरी हे बोलणं बरेचदा झालं होतं.

बाईंनी आधी त्यालाच विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"आई म्हणतीया तसं करा," तो म्हणाला.

"तुझा कवा फोटू काढलाय?"

"न्हाई."

मला वाटलं, बाई नाही म्हणतील. त्यांनी मला कॅमेरा लावायला सांगितला आणि मुलाला शेजारच्या वर्गात कपडे बदलायला पाठवलं. आई भिंतीला टेकून उभी राहिली. मुलगा आला. सदरा त्याला खांद्यात सैल होता, बाह्या मनगटाखाली उतरल्या होत्या. डोक्यावर टोपी होती. तो दारात आला आणि सवय नसल्यामुळं उंबऱ्यावर अडखळला. मग सरळ होऊन उभा राहिला.

आईनं त्याच्याकडं बघितलं आणि एकदम पुढं धावली.

"काढ!" ती ओरडली. "काढ ती कापडं! आदी काढ!"

बटणं सुटेपर्यंत तिला धीर नव्हता. ती स्वतःच टोपी ओढत होती, सदऱ्याला हिसके देत होती. मुलगा म्हणत होता, "आई, आगं आई." एक बटण तुटून फरशीवर गेलं. शेवटी ते कपडे छातीशी धरून ती खालीच बसली. रडली नाही. तिला धाप लागली होती. म्हणाली, "ह्यो बी जाईल. कापडं घातली तर ह्यो बी जाईल."

बाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. मास्तरांना त्यांनी हातानं बाहेर जायची खूण केली. पाठीवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, घरी एक फोटो आहे, पलटणीतून आलेला, पण त्यात सगळी पलटण आहे आणि आपला पोरगा कुठं आहे ते धाकट्यानं बोट लावून दाखवल्याशिवाय तिला कळत नाही.

"त्यो आणा," बाई म्हणाल्या.

धाकटा पळत जाऊन घेऊन आला. चार ओळींत जवान, आणि मागच्या ओळीत तुरीच्या डाळीएवढा एक चेहरा. बाईंनी भिंग लावून तो कितीतरी वेळ बघितला. मग म्हणाल्या, "ह्यातनं करून बघती. कसा ईल ते सांगत न्हाई." त्या दिवशी त्यांनी धाकट्याचा फोटो काढला, त्याच्या रोजच्या कपड्यांत, आईबरोबर. आई म्हणाली, "माझा कशाला?" पण उभी राहिली.

मिरजेला आल्यावर आम्ही त्या पलटणीच्या फोटोवरून दुसरा फोटो काढला आणि छापायला बसलो. मला वाटायचं, देव्हाऱ्याशेजारी लावता येईल एवढा मोठा करावा. बाईंनी एन्लार्जर वर घेतला. चेहरा मोठा झाला आणि डोळे गेले. आणखी वर घेतला, तोंड गेलं. नुसते काळे-पांढरे ठिपके राहिले. कितीतरी कागद वाया गेले. मी म्हणाले, "पेन्सिलीनं डोळे भरून घेऊ." स्टुडिओत आम्ही रिटचिंग नेहमीच करायचो. बाई म्हणाल्या, "ते डोळे माझे होतील. त्याचे नाहीत." एन्लार्जर त्यांनी हळूहळू खाली आणला आणि पत्त्याच्या पानाएवढा झाल्यावर थांबवला. तेवढ्यात तो दिसत होता. कपाळ, किंचित वाकडं नाक, आणि उन्हामुळं बारीक केलेले डोळे.

तो फोटो पोस्टानं पाठवायला त्या तयार नव्हत्या. आम्ही दोघी पुन्हा एस.टी.नं कडेगावला गेलो. गुऱ्हाळं चालू होती, वाटेत सगळीकडं चुलवाणाचा धूर. आईनं फोटो हातात घेतला.

"लय बारीक हाय," ती म्हणाली.

"ह्याच्याम्होरं मोठा केला तर त्यो ऱ्हात न्हाई," बाई म्हणाल्या.

आईनं फोटो दारात उजेडाला नेला. अगदी डोळ्यांशी धरला. मग आत येऊन धाकट्याला म्हणाली, "ह्योच हाय बग. उनात असाच डोळं बारीक करायचा." आम्हाला तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना काकवी भरून दिली. परतीच्या वाटेवर मी बाईंना विचारलं, तुमच्याकडं यजमानांचा फोटो आहे का. स्टुडिओत मी कधी बघितला नव्हता.

"आहे की," त्या म्हणाल्या. "मीच काढलेला. माझ्या आयुष्यातला पहिला. मुंडकं कापलंय." आणि हसायला लागल्या. "खांदे मात्र छान आलेत."

पुढं तीन-चार वर्षं अशीच गेली. माझ्या लग्नाचं घरात बोलणं कमी झालं. शिबिरात छपाईचा भाग मी घ्यायला लागले, पण बोलायचं काम बाईंचंच.

साताऱ्याच्या एका शिबिरात पहिल्यांदा मला शंका आली. बाई भाकरी दुधात कुस्करून घेत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, दाढ दुखतेय. दुसऱ्या दिवशी दूधही नको म्हणाल्या. सकाळी वर्गात उभ्या राहिल्या, दोन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या. हात गालावर गेला. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू सांग आज," आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मी कसंबसं बोलले. काय बोलले ते आठवत नाही. बाई मागून माझ्याकडं एकटक बघत होत्या एवढं आठवतं.

रात्र व्हायच्या आधी, अजिंक्यताऱ्यामागं ऊन उतरत असताना, शाळेच्या पायरीवर त्यांनी मला सांगितलं. गालाच्या आत जखम होती. कित्येक महिन्यांची.

"डॉक्टरांना दाखवली?"

"कशाला दाखवायची? मला काय कळत नाही?" त्या म्हणाल्या. "अशा गालांचे किती फोटो काढलेत मी. डॉक्टर प्रत्येक बाईला विचारायचे, मिश्री लावता का. आणि मी शेजारी कॅमेरा घेऊन उभी. सकाळी लावूनच आलेली."

मी त्यांना म्हणाले, उद्याच मिरजेला जायचं. त्या म्हणाल्या, शिबिर पुरं झाल्यावर. आणि शिबिर पुरं करूनच आम्ही निघालो.

डॉक्टर त्यांच्या ओळखीचे. वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर काम केलेलं. त्यांनी तपासलं आणि बराच वेळ हात धुत राहिले. जबड्याचा एक भाग काढावा लागेल म्हणाले. ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी डॉक्टर कॉटजवळ आले आणि अवघडून म्हणाले, "बाई, फोटो लागतील. पुण्याहून कुणाला बोलावू?"

"ही काढेल," बाई माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. "दुसरं कुणी मला चालणार नाही."

मी डॉक्टरांना बाहेर नेऊन सांगायला हवं होतं की मला जमणार नाही. पण बाई माझ्याकडं बघत होत्या.

सकाळी दहाच्या सुमाराचं ऊन होतं. बाईंनी स्वतःच खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. "उजवीकडचा पडदा सार. अजून थोडा. पांढरी चादर ह्या बाजूला धर म्हणावं नर्सला, म्हणजे गालात काळोख राहणार नाही." मग पदर खांद्याखाली घेतला आणि मान वळवून सुजलेला गाल माझ्याकडं केला. मी कॅमेऱ्यातून बघितलं. काही स्पष्ट दिसेना. मी भिंग फिरवत राहिले, पुढं-मागं, पुढं-मागं.

"धूसर दिसतंय ना?" बाई म्हणाल्या. "भिंगाला काही झालेलं नाही. डोळे पूस आधी."

मी पदरानं डोळे पुसले.

"आता जवळ ये. लांबून काढलास तर डॉक्टरांच्या उपयोगाचा नाही."

मी जवळ गेले. त्यांनी तोंड उघडलं. मी काढला. मग समोरून, मग दोन्ही बाजूंनी. बाई इतक्या स्थिर बसल्या होत्या की शेवटी माझा हातही स्थिर झाला. संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती उजेडावर काढलास?" मी सांगितलं. "थोडा कमी पडेल. धुताना जास्त वेळ ठेव." मी तसंच केलं, आणि फोटो चांगले आले.

ऑपरेशननंतरचे फोटोही मीच काढले. चेहऱ्याची डावी बाजू आत गेली होती, ओठ खाली ओढला होता. बोलणं मलाच काय ते कळायचं, तेही कान जवळ नेल्यावर. त्यांचं जेवण म्हणजे पेज. किरणांचे शेक देऊन झाले. अंगावर कपडे लोंबायला लागले. पण स्टुडिओत येऊन बसायच्या. गिऱ्हाईक आलं की डोक्यावरचा पदर गालावरून ओढून घ्यायच्या.

हिवाळ्यात औंधहून बोलावणं आलं. मी त्यांना न सांगता नकार कळवायचं ठरवलं होतं. पण निरोप आणणाऱ्या मास्तरांची त्यांच्याशीच गाठ पडली. "जायचं," त्या म्हणाल्या.

एस.टी.त लोक वळून वळून बघत होते. समोरच्या बाकावरचं एक पोरगं घाबरून आईला चिकटलं. औंधला उतरलो. यमाईच्या डोंगराखाली शाळा. शिबिराचा स्वयंपाक करणारी म्हातारी बाईंना बघून आपुलकीनं म्हणाली, "आवं, पदर घ्या की तोंडावर. पोरं भ्यात्याल."

बाई काहीतरी म्हणाल्या. म्हातारीला कळलं नाही, म्हणून मी सांगितलं, "त्या म्हणतात, एकदा भितील. मग न्हाई."

वर्गात पहिल्या दिवशीचा तो धडा होता. मी एका मास्तरांना स्टुलाकडं बोलावलं, तर बाईंनी मला हातानं बाजूला केलं आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसल्या. पदर मागं टाकला. मग मला खूण केली, सगळ्यांना कॅमेरे घ्यायला सांग. पहिल्या दिवशी त्यांनी कधी कुणाच्या हातात कॅमेरा दिला नव्हता.

एकेक जण पुढं येत होता. दोघा-तिघांनी भराभर काढला आणि मागं सरले. बाईंनी त्यांना परत बोलावलं. एक तरुण चित्रकलेचा मास्तर कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहिला आणि मग खाली घेतला. "बाई, माझ्यानं होणार नाही," तो म्हणाला. बाई बोलल्या. मी जवळ जाऊन ऐकलं आणि सांगितलं, "त्या विचारतात, अंतर मोजलं का?" त्यानं मोजलं नव्हतं. फीत घेऊन तो पुढं आला. फितीचं टोक बाईंनी स्वतः आपल्या नाकाशी धरलं. इतक्या जवळ आल्यावर त्याला त्यांच्याकडं बघावंच लागलं. त्यानं फोटो काढला. संध्याकाळी छापला तो मी बघितला. त्यात बाईंचा मोडका चेहरा होता, आणि त्याच चेहऱ्यानं त्या समोरच्या पोराला धीर देत होत्या.

उन्हाळा लागता लागता त्या पुन्हा हॉस्पिटलात गेल्या. आता डॉक्टरांनी फोटो मागितले नाहीत. मी दिवसभर तिथंच असायचे. शेवटच्या दुपारी त्या मला एन्लार्जरबद्दल काहीतरी सांगत होत्या, त्याचा एक स्क्रू सैल झालाय, बदलून घे, असं. मी म्हणाले, घेते. मग त्यांना डोळा लागला. ऊन कलायच्या सुमारास नर्सनं येऊन नाडी बघितली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांचा हात धरलेलाच होता. मला कळलंच नव्हतं.

त्यांचा पुतण्या साताऱ्याकडून आला. कृष्णाकाठी त्यानं अग्नी दिला. तंबोरे बनवणारे सगळे शेजारी आले होते, हॉस्पिटलातल्या नर्सा होत्या, वॉर्डबॉय होता. मी काठावर उभी राहिले. बायकांनी घाटावर यायचं नसतं असं म्हणून मला कुणी अडवलं नाही.

पुतण्या समजूतदार होता. त्यानं मला स्टुडिओ काही दिवस उघडा ठेवायला सांगितला, कारण फडताळात गिऱ्हाइकांचे न नेलेले फोटो होते. मी रोज जाऊन बसू लागले. माणसं पावती घेऊन यायची आणि आधी आत डोकावून विचारायची, "बाई कुठायत?" प्रत्येकाला मला सांगावं लागायचं. कुणी चपला काढून आत येऊन बसायचं. कुणी फोटो घेऊन जायचं आणि गल्लीच्या टोकाला जाऊन उभं राहायचं. सुरुवातीला ते वाक्य माझ्या तोंडून फुटत नसे. मग फुटायला लागलं. तसं ते फुटायला लागलं याचंच एके दिवशी मला इतकं रडू आलं, की हातातला फोटो कुणाचा होता तेही दिसेना. शेजारचा म्हातारा कारागीर हातातलं काम टाकून उठून आला आणि दारात बसून राहिला.

फडताळ रिकामं झाल्यावर पुतण्यानं जागा एका शिंप्याला दिली. मी काही वर्षं शिबिरं घेतली. पुढं तेही हळूहळू थांबलं. हॉस्पिटलचं काम मात्र माझ्याकडं आलं आणि माझे केस पांढरे होईपर्यंत राहिलं. बाई गेल्या त्याच वर्षी पावसाळ्यात पहिल्यांदा मी एकटी तिथं गेले. जतच्या बाजूची एक तरुण बाई होती. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची. तोंडावरचा पदर ती कुणालाच काढू देत नव्हती. नर्स वैतागली होती. मी तिला थांबायला सांगितलं, कॅमेरा कॉटवर ठेवला, आणि त्या बाईशेजारी बसून तिच्या गावाला यंदा पाऊस झालाय का ते विचारलं. तिनं कॉटवरच्या कॅमेऱ्याकडं बघितलं. मग पदराआडून म्हणाली, "आगैती की. झालाय थोडा."

आम्ही पेरणीबद्दल बोलत राहिलो.